व्हय साहेब

अण्णांना, माझ्या वडिलांना, वारं गेलं, अंग लुळं पडलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्यांचे कपडे आणायला गावी गेले. भिंतीतल्या देवळीत पत्र्याचा डबा होता. त्यात सातबारा, बँकेचं पासबुक आणि रबर लावून ठेवलेली गोळ्यांची तीन पाकिटं. तिन्ही रिकामी. दहा-दहाची, एकही गोळी न चुकवता फोडलेली. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, चार घड्या घातलेली.

"रिकामी पाकिटं कशाला ठेवली गं?" मी आईला विचारलं.

"डॉक्टरनं इचारलं तर दाखवाया. सगळ्या घेतल्या म्हनून."

चिठ्ठीवरची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती.

मी डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. कारण चौदा महिन्यांपूर्वी त्या दवाखान्यात अण्णांच्या शेजारच्या स्टुलावर मीच बसले होते. गावातल्या शिबिरात बीपी जास्त निघालं म्हणून मीच त्यांना तालुक्याला घेऊन गेले होते. बाहेर पन्नासेक माणसं बसलेली. डॉक्टरांनी पट्टा बांधला, १७०/१०० असं मोठ्यानं म्हणाले, चिठ्ठी लिहिता लिहिताच बोलले, "महिन्याच्या गोळ्या लिहून देतोय. रोज सकाळी एक. मीठ कमी करा. समजलं का बाबा?"

"व्हय साहेब," अण्णा म्हणाले. हात जोडले. आम्ही उठलो.

मी वीस वर्षं मराठी शिकवते. षष्ठीचे प्रत्यय फळ्यावर किती वेळा लिहिले असतील त्याची गणती नाही. "महिन्याच्या गोळ्या" याचे दोन अर्थ होतात, हे मला त्या डब्यापाशी बसल्यावर कळलं. डॉक्टरांच्या मनात होतं, महिनाभर पुरतील इतक्या देतोय, संपल्या की परत या. अण्णांनी ऐकलं, हा महिनाभराचा औषधोपचार आहे. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी घेतलेलं प्रत्येक औषध संपलं की आजार संपलेला होता. तापाच्या गोळ्या तीन दिवसांच्या, खोकल्याची बाटली आठवड्याची, तशी बीपीची महिन्याची. त्यांनी ती इमानेइतबारे पूर्ण केली आणि पुरावा जपून ठेवला. यात अण्णांचं काय चुकलं? आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनी दिलेलं औषधही चुकीचं नव्हतं. गोळी बरोबर, मात्रा बरोबर, निदान बरोबर. फक्त "ही गोळी आता कायमची आहे, बरं वाटलं तरी सोडायची नाही" हे एक वाक्य त्या खोलीत कुणी बोललं नाही. त्या एका वाक्यापायी माझ्या वडिलांचा डावा हात गेला.

बीपीचं असंच असतं. ते दुखत नाही. ताप नाही, खोकला नाही, रात्री झोप लागते, शेतात काम होतं. जो आजार जाणवतच नाही त्याची गोळी रोज घ्यायची, तर ती का घ्यायची हे कुणीतरी मनात उतरवल्याशिवाय माणूस घेणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली एक अहवाल काढला होता. श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे साधारण निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असं त्यात म्हटलंय. म्हणजे अण्णा एकटे नाहीत. पण मला ते वाचून दिलासा मिळाला नाही, उलट जास्त अस्वस्थ वाटलं.

बी.एड.ला असताना आमच्या पाठ-निरीक्षक बाई वर्गात मागच्या बाकावर बसायच्या. पाठ संपत आला की मी हमखास विचारायचे, "समजलं का मुलांनो?" आणि साठ मुलं एका सुरात "हो ऽऽ" म्हणायची. बाईंनी माझ्या वहीत लाल शाईने लिहिलं होतं: हा प्रश्न विचारायचा नाही, याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. समजलं की नाही ते मुलाला सांगायला लावून बघायचं, करायला लावून बघायचं. तेव्हापासून मी वर्गात तो प्रश्न विचारलेला नाही. आणि दवाखान्यात माझ्या डोळ्यांदेखत तोच प्रश्न विचारला गेला, तेच उत्तर आलं, आणि माझ्यातली शिक्षिका गप्प बसली. बाहेर पन्नास माणसं खोळंबलीत, साहेबांचा वेळ कशाला घ्यायचा, असं मलाही वाटलं होतं.

"व्हय साहेब" हे अण्णांचं उत्तर नव्हतंच. ती रीत आहे. तलाठ्यासमोर, बँकेत, लाइनमन पोलवर चढला असताना खाली उभं राहून, आमच्याकडची माणसं हेच दोन शब्द बोलत आलीत. अण्णांच्या वडिलांनी निजामाचं राज्य पाहिलेलं. मराठवाडा मोकळा झाला १७ सप्टेंबर १९४८ ला, देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिन्यांनी. खुर्चीत बसलेल्याला उलट प्रश्न विचारायचा नसतो, ही शिकवण दोन पिढ्यांत पुसली जात नाही. उलट विचारलं तर साहेबांना राग येईल, साहेबांना राग आला तर औषध लागू पडणार नाही, असंही काही माणसं मनापासून मानतात. डॉक्टरांना समोरची मान हललेली दिसते आणि ते पुढचा नंबर बोलावतात. त्यांचंही समाधान होतं, रुग्णाचंही. आणि मधल्या मध्ये आजार तसाच राहून जातो.

वारं गेलं त्या पहाटेचंही सांगायला हवं. अण्णा चहा पीत होते. कप डाव्या हातातून निसटला, तोंड एका बाजूला ओढलं, बोलणं जड झालं. आई ओरडली, शेजारपाजारचे धावले. कुणी म्हणालं तेल गरम करा, कुणी म्हणालं कबुतराचं रक्त चोळा. चुलत्यांना माहीत होतं की अमुक गावात वाऱ्याचं औषध देतात, खात्रीचं. जीप काढली. तिथं रांग होती. काढा दिला, दोरा बांधला. मला फोन आला तेव्हा साडेदहा वाजले होते. मी लातूरहून निघाले, त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं, सीटी स्कॅन झालं तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते.

मेंदूतल्या रक्तवाहिनीत गाठ अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच द्यावं लागतं. आधी सीटी स्कॅन करून बघायचं की गाठ आहे की रक्तस्राव, कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक. हे सगळं मला अपघात विभागातल्या एका तरुण डॉक्टरांनी सांगितलं, पण सांगण्याआधी चुलत्यांवर ओरडून घेतलं. "इतक्या उशिरा का आणलं? अडाणीपणा करता आणि मग आमच्याकडे येता!" चुलते भिंतीला टेकून उभे होते. हातातली टोपी दोन्ही हातांनी पिळत होते. भावाला घेऊन पहाटेपासून धावणारा तो माणूस त्या एका वाक्यानं गुन्हेगार झाला. आजही ते अण्णांच्या समोर नीट बसत नाहीत, दारातच टेकतात.

नंतर मी गावात फिरून भिंती वाचल्या. पोलिओ, डेंग्यू, क्षयरोग, हागणदारी. आरोग्य उपकेंद्रात एक फलक सापडला, त्यावर "पक्षाघात" असं लिहिलेलं होतं आणि खाली "असंसर्गजन्य आजार". आमच्या गावात पक्षाघात कुणालाच होत नाही. आमच्याकडे वारं जातं. ज्यानं तो फलक लिहिला त्यानं एकदा चावडीवर बसून विचारलं असतं, की तोंड वाकडं झालं, हात पडला, तर तुम्ही त्याला काय म्हणता, तर कदाचित चुलत्यांनी जीप दुसऱ्या रस्त्याला वळवली असती. "वारं गेलं? साडेचार तास. १०८ ला फोन लावा." एवढंच लिहायचं होतं.

दवाखान्यात आम्ही अकरा दिवस होतो. तिथं मला माझ्या बी.एड.च्या बाई पुन्हा भेटल्या असं म्हणते, कारण घरी सोडायच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या एका सिस्टरनी जे केलं ते मी विसरणार नाही. वय असेल तिशीचं. औषधांची पिशवी घेऊन त्या अण्णांच्या खाटेच्या कडेवर बसल्या. उभ्या राहिल्या नाहीत, बसल्या. त्यांनी पहिला प्रश्न औषधाबद्दल विचारलाच नाही.

"बाबा, तुम्ही पहाटे उठता कधी? जेवता कधी?"

अण्णा अडखळत बोलले. पाचला उठतो. चहा. मग शेतात. अकरा वाजता भाकरी. रात्री आठला.

"म्हणजे सकाळी काही खात नाही. मग ‘सकाळी जेवणानंतर’ म्हटलं तर तुम्ही कोणत्या वेळी घ्याल?"

मी चमकले. चिठ्ठीवर तेच लिहिलेलं होतं, सकाळी जेवणानंतर. आम्ही शहरातली माणसं आठची न्याहारी गृहीत धरतो.

त्यांनी एकेक पाकीट अण्णांच्या चांगल्या हातात दिलं. रंग बघायला लावला, कोपरा चाचपायला लावला. वर पेनानं एक सूर्य काढला, दुसऱ्यावर चंद्रकोर. मग म्हणाल्या, "आता घरी गेल्यावर आजींना कसं समजावून सांगाल, ते मला सांगा. माझं सांगण्यात काही राहिलं असेल तर मला कळेल."

अण्णांनी सूर्यवालं पाकीट उचललं. "ही... रोज. ताकद येईस्तवर."

सिस्टर रागावल्या नाहीत. "बघा, माझंच सांगायचं राहिलं," म्हणाल्या. "बाबा, काल भाकरी खाल्ली म्हणून आज भूक लागायची राहते का?"

"न्हाई."

"तशी आहे ही गोळी. कालची कालच्यापुरती. ताकद आली तरी घ्यायची, बरं वाटलं तरी घ्यायची. संपायच्या चार दिवस आधी नवीन आणायची. आता परत सांगा."

अण्णांनी परत सांगितलं. या वेळी बरोबर. भाकरीचं उदाहरण त्यांनी त्यांच्या शब्दांत फिरवून सांगितलं, गुरांना काल वैरण टाकली म्हणून आज टाकायची राहत नाही, असं. सिस्टर हसल्या, उठल्या, शेजारच्या खाटेकडे वळल्या. तिथल्या मावशींच्या सुनेनं आदल्या रात्री विचारलं होतं की एकशे एक गोळ्या एकदम कशा द्यायच्या. चिठ्ठीवर १-०-१ लिहिलेलं, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. तिनं वाचलं एकशे एक. तिनं विचारलं म्हणून बरं.

मी घड्याळ बघितलं होतं. अण्णांसाठी सहा मिनिटं लागली होती. सांगितलेलं रुग्णाकडून परत सांगून घ्यायच्या या रीतीला वैद्यकीय शिक्षणात टीच-बॅक म्हणतात, आणि ती जगभर शिकवली जाते, हे मी नंतर वाचलं. त्यातलं मर्म सिस्टरना नेमकं ठाऊक होतं: परीक्षा रुग्णाची घ्यायची नाही, आपल्या सांगण्याची घ्यायची. "तुम्हाला समजलं का" आणि "माझं सांगून झालं का" यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्या प्रश्नात न समजलेल्या माणसाची लाज निघते. दुसऱ्यात कुणाचीच निघत नाही.

त्या अकरा दिवसांत ओपीडीच्या बाकावर बसून मी खूप ऐकलं. आपल्या भाषेत दुखण्याचे किती शब्द आहेत! ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. पोटात मुरडा येतो, गोळा उठतो, आग पडते, तोडल्यासारखं होतं. पाठीत उसण भरते, पिंडऱ्यांत गोळे येतात, तळपायाला मुंग्या येतात, डोळ्यापुढं अंधारी येते, छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो. प्रत्येक शब्द म्हणजे कुणीतरी आपल्या शरीराचं बारकाईनं केलेलं निरीक्षण आहे. आणि समोर बसलेला विद्यार्थी-डॉक्टर अनेकदा दुसऱ्या प्रांतातून आलेला, चांगला, कष्टाळू, पण त्याला "गोळा उठतो" म्हणजे पोटाला गाठ आली असं वाटतं. मधे कुणीतरी वॉर्डबॉय दुभाषी होतो आणि सगळ्याचं "पेट में दर्द" करून टाकतो.

एक शब्द तर मला फार महत्त्वाचा वाटतो. कसनुसं. "कसनुसंच व्हायलंय डॉक्टरसाहेब." पुष्कळ जण हा शब्द ऐकला की पित्ताची गोळी देतात. पण मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना हृदयविकाराचा झटका नेहमीसारखी छातीत कळ न येताच येऊ शकतो. दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, हातपाय गळतात. आमच्या बायका या सगळ्याला मिळून एकच शब्द वापरतात. माझ्या परभणीच्या मावशीला साखरेचा आजार. तिनं तो शब्द वापरला, पित्ताची गोळी घेऊन घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे ईसीजी काढल्यावर कळलं की झटका येऊन गेला होता. ती वाचली. "कसनुसं म्हणजे नेमकं कसं, काकू?" एवढा एक प्रश्न आदल्या दिवशी विचारला असता तर तिनं सांगितलं असतं की भांडी घासतानाच घामानं लुगडं भिजलं. तिला सांगता येत होतं. तिला विचारलं नव्हतं.

आणि बायकांच्या बाबतीत तर विचारायचं कुणाला हाही प्रश्न असतो. मी बाकावरून पाहिलंय, बाई पदर तोंडावर धरून बसलेली आणि नवरा सांगतोय, "हिचं अंगावरून जातंय." कधीपासून? नवरा विचार करतो. किती? नवरा बाहेर बघतो. ती खाली बघते. तिच्या आजाराची माहिती त्या खोलीतल्या एकाच माणसाकडे आहे आणि तिला सोडून सगळे बोलतायत.

इथं मला माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल लिहायचंय. तिचं नाव लिहीत नाही. धारूर भागातल्या शाळेवर असताना ती माझ्या वर्गात होती, दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची आणि पाडव्याला परत यायची. सातवीनंतर आलीच नाही. पुढं ती आणि तिचा नवरा मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी, झाले. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फिटेपर्यंत तोडायचं, खाडा पडला की दंड. पाळीचे दिवस, पांढरं जाणं, पोटात दुखणं, सगळं त्या खाड्याच्या हिशोबात बसवायचं. फडात ना पाणी ना आडोसा. चार वर्षांपूर्वी ती मला बसस्टँडवर भेटली. सव्वीस वर्षांची, पण चाल पन्नाशीच्या बाईची. पिशवी काढलीय म्हणाली.

"का गं काढली?"

"गाठ होती म्हणं. न्हाई काढली तर कॅन्सर व्हईल, लेकरं उघडी पडतील, असं सांगितलं. पर बाई, डॉक्टर लई चांगला होता. हात धरून बोलला माझ्याशी."

प्लास्टिकच्या पिशवीत तिनं सोनोग्राफीचा कागद जपून ठेवला होता. इंग्रजीतला. तिला वाचता येत नव्हता, कुणी वाचून दाखवला नव्हता. मी बसस्टँडच्या बाकावर वाचला. त्यात कॅन्सर हा शब्द नव्हता. मी दोनदा वाचला. तिनं विचारलं, "काय लिवलंय बाई?" मला काय उत्तर द्यावं कळेना.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांवर विधिमंडळात आवाज उठला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झाली तेव्हा ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहा जणींत एक. बीड जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियम त्याच सुमारास आला. त्या तेरा हजारांतल्या काहींना ती शस्त्रक्रिया खरोखर गरजेची असणार. पण जिचं गर्भाशय काढलं तिला आधी काय सांगितलं गेलं, हा प्रश्न एकेका बाईपाशी जाऊन विचारायला हवा. गर्भाशय काढलं की पाळी कायमची थांबते, आणि बीजकोशही, म्हणजे स्त्रीबीज तयार होतं ते अवयवही, काढले तर ऐन तारुण्यात हाडं ठिसूळ होत जातात, अंगातून वाफा निघतात, हे सांगितलं होतं का? दुसरा इलाज आहे, गोळ्यांनी बघू, असं सांगितलं होतं का?

म्हणून "डॉक्टरांनी गोड बोलावं" एवढ्यावर हा विषय संपतो असं मला वाटत नाही. माझ्या विद्यार्थिनीशी कुणीतरी फार गोड बोललं होतं. रुग्णाच्या हातात निर्णय देतं ते बोलणं खरं. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेच स्पष्ट केलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले, ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नाही. जीवच धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, एरवी शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारायला हवं होतं, आणि विचारताना फायदे, धोके, दुसरे पर्याय हे सगळं सांगायला हवं. आमच्याकडे संमती म्हणजे इंग्रजी कागदावर अंगठा. नातेवाइकांना बोलावतात, "इथं सही करा, लवकर," आणि सगळे पुन्हा व्हय साहेब. उपचाराचे कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, हा नियम २००२ पासून आहे. किती जणांनी मागितलेत? मागायचे असतात हेच कुठं कुणाला ठाऊक आहे.

डॉक्टरांवर सगळं ढकलून मला मोकळं व्हायचं नाही. ज्या डॉक्टरांनी अण्णांना "महिन्याच्या गोळ्या" दिल्या त्यांच्या दाराबाहेर पन्नास माणसं होती. छत्रपती संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय घ्या, १९५६ पासूनची, जालना-बीड-परभणी-हिंगोलीची माणसं तिथं येतात. आमच्या अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकात मुद्दाम खेड्यापाड्यांसाठी म्हणून उभं राहिलं. एकेका ओपीडीत सकाळपासून जी रांग लागते ती पाहिली की तिथं बसणाऱ्या पोरांची दया येते. रात्रभर जागलेली असतात ती. २०१७ साली ६७ देशांतल्या अभ्यासांची गोळाबेरीज करून एका वैद्यकीय नियतकालिकानं मांडलं होतं की डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतात. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. आपला आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. दोन मिनिटांत पट्टा बांधायचा की भाकरीची वेळ विचारायची?

तरीही एक गोष्ट मला खटकत राहते. अमेरिकेत १९८४ साली दोन संशोधकांनी तपासण्यांचं ध्वनिमुद्रण ऐकून मोजलं होतं की रुग्ण आपली तक्रार सांगू लागला की डॉक्टर त्याला मध्येच कधी तोडतात. सरासरी १८ सेकंदांत. तिथं काही पन्नास माणसं बाहेर खोळंबलेली नव्हती. म्हणजे वेळ नसणं हे एक कारण झालं, आणि ऐकायची सवय नसणं हे दुसरं. दुसऱ्यासाठी पैसा लागत नाही. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद हा भाग घातला गेलाय, ती मुलं आता डॉक्टर होऊन बाहेर पडतायत. त्यांच्याकडे मी फार आशेनं बघते. त्यांना बोलीभाषेतले दुखण्याचे शब्दही शिकवावेत, पहिल्याच वर्षी, आणि शिकवायला वॉर्डातल्या आयाबायांना बोलवावं, असं मला मनापासून वाटतं.

हे आपल्या मातीत कुणी केलंच नाही असंही नाही. आष्टीची शीव ओलांडली की जामखेड. तिथं १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर नवरा-बायकोनं काम सुरू केलं आणि आरोग्याचं काम खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायकांच्या हाती दिलं. लोकांनी डॉक्टरचं ऐकलं नसतं असं नाही, पण बाळंतपणात काय खायचं, लेकराला जुलाब झाले तर काय पाजायचं, हे शेजारच्या घरातली बाई चुलीपाशी बसून सांगते तेव्हा ते वेगळं पोचतं. तिला "न्हाई समजलं, परत सांग" असं बिनदिक्कत म्हणता येतं. इकडे तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी गावोगावच्या बायकांना तयार केलं आणि त्यांना नाव दिलं भारतवैद्य. गावातल्या बाईला वैद्य म्हणायचं, या एका शब्दातही केवढं बोलणं आहे.

अण्णा आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात. डावा हात मांडीवर ठेवलेला असतो. जीभ पुष्कळ सुधारली. सूर्य-चंद्रवाली पाकिटं संपली, पण नवीन पाकीट आलं की ते नातवाकडून त्याच्यावर सूर्य काढून घेतात. नातू सूर्याला डोळे आणि मिशाही काढतो.

मागच्या रविवारी मी गावी होते. शेजारचे नाना आले, हातात दवाखान्याची कॅरीबॅग. त्यांनाही बीपी निघालंय. अण्णांच्या समोर बाजेवर बसून त्यांनी पाकिटं काढली, कौतुकानं दाखवली.

"डॉक्टरनं नीट सांगितलं का?" अण्णांनी विचारलं.

नानांनी मान हलवली.

"मान नगं हलवू. तोंडानं सांग. ही कोणती, कवा घ्यायची, कवर घ्यायची?"

नानांनी पाकीट उलटंसुलटं केलं. माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही.

"ही..." नाना म्हणाले, "महिन्याची हाय."

अण्णांनी काठी भिंतीला लावली आणि उजव्या हातानं खुर्ची बाजेजवळ ओढली.